शुल्कमाफी मागावी लागते

कॅलिफोर्नियात, बे एरियामध्ये मी गेली बरीच वर्षे राहते. मुलगी पदवीच्या शिक्षणासाठी बाहेर पडल्यानंतर तिच्याच सार्वजनिक हायस्कूलच्या महाविद्यालय-मार्गदर्शन कक्षात मी आठवड्यातून एक दुपार स्वयंसेवक म्हणून बसू लागले. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात कक्षाने एक काम हाती घेतले होते. ज्या अकरावी-बारावीच्या मुलामुलींच्या घरची परिस्थिती बेताची आहे, त्यांना सॅट (महाविद्यालय-प्रवेशासाठीची चाचणी) आणि एपी (हायस्कूलमध्ये शिकवल्या जाणाऱ्या महाविद्यालयीन पातळीच्या विषयांची परीक्षा) या परीक्षांचा खर्च पेलता यावा, अशी व्यवस्था लावायची होती. अमेरिकेत नव्याने आलेल्या अनेक मराठी कुटुंबांनाही या व्यवस्थेची कल्पना नसते, असे नंतर लक्षात आले, म्हणून ती जशी पाहिली तशी येथे मांडत आहे.

पालक-मंडळाचा सुरुवातीचा विचार अगदी सरळ होता. सॅटचे शुल्क त्या वर्षी ६८ डॉलर होते. आपण वर्गणी काढू आणि गरजू मुलांचे शुल्क परस्पर भरून टाकू, असे बहुतेकांचे म्हणणे होते. शाळेच्या समुपदेशक बाईंनी पहिल्याच बैठकीत हा बेत थांबवला. त्यांनी समजावून सांगितले की, पात्र मुलाचे ६८ डॉलर आपण भरले तर त्याला एक परीक्षा मिळेल आणि विषय तेथेच संपेल. पण तेच मूल या परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेच्या शुल्कमाफीतून गेले, तर त्याला सॅट दोनदा विनाशुल्क देता येते, गुणपत्रके हव्या तितक्या महाविद्यालयांना पैसे न भरता पाठवता येतात आणि दोन हजारांहून अधिक महाविद्यालयांत प्रवेश-अर्जाचे शुल्कही माफ होऊ शकते. एरवी गुण मोफत पाठवण्याची सोय चार महाविद्यालयांपुरती असते आणि तीही परीक्षेनंतर नऊ दिवसांच्या आत वापरावी लागते. त्यानंतर प्रत्येक महाविद्यालयामागे वेगळे पैसे पडतात. प्रवेश-अर्जाचे शुल्क तर स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी बरेच जास्त असते. म्हणजे देणगीदाराने चांगल्या मनाने भरलेले ६८ डॉलर त्या मुलाचे पुढचे काही शे डॉलर बुडवू शकतात. वर्गणी काढायची तर ती शुल्कमाफी जेथे पोहोचत नाही तेथे खर्च करायची, असे त्या बैठकीत ठरले. माझ्या मते वर्षभरातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय तोच होता.

शुल्कमाफीचे निकष वाचायला सोपे आहेत. विद्यार्थी अकरावीत किंवा बारावीत असावा, आणि काही कसोट्यांपैकी एखादी लागू पडावी: शाळेतील माध्यान्ह भोजनाच्या राष्ट्रीय योजनेखाली मोफत किंवा सवलतीच्या दरातील जेवणाला तो पात्र असणे, कुटुंबाचे उत्पन्न केंद्रीय कृषी खात्याने ठरवलेल्या मर्यादेत असणे, कुटुंबाला सरकारी साहाय्य मिळत असणे, ट्रायो किंवा अपवर्ड बाउंडसारख्या, कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना साहाय्य करणाऱ्या सरकारी कार्यक्रमात नाव असणे, सरकारी अनुदानित घरात किंवा फॉस्टर कुटुंबात (मुलाला सांभाळायला दिलेल्या दुसऱ्या कुटुंबात) राहणे, बेघर किंवा अनाथ असणे. यांतली एक कसोटी पुरते. घरी कॅलफ्रेशचे, म्हणजे अन्नसाहाय्याचे कार्ड येत असेल, तर उत्पन्नाचा तक्ता उघडण्याचीही गरज पडत नाही. परीक्षा अमेरिकेतच द्यायची असेल तर विद्यार्थ्याचे नागरिकत्वही आड येत नाही, आणि ही गोष्ट आम्हाला पालकांना पुन्हा पुन्हा सांगावी लागली.

येथे एक शंका रास्त आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सर्व शाखा आणि कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठ प्रवेशासाठी सॅटचे गुण पाहतच नाहीत, मग गरीब मुलांच्या मागे या परीक्षेचा लकडा कशासाठी? काही शिक्षकांनी हा प्रश्न स्पष्टपणे विचारला, आणि ज्या मुलांना केवळ राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांतच जायचे होते, त्यांना आम्ही सॅटकडे ओढले नाही. परंतु कमी उत्पन्नाच्या कुटुंबातील हुशार मुलाला जवळपास संपूर्ण खर्च देऊ शकणारी महाविद्यालये मुख्यतः श्रीमंत खासगी संस्था आहेत, आणि करोनाच्या काळात ऐच्छिक केलेली चाचणी त्यांपैकी अनेकांनी २०२४ मध्ये पुन्हा सक्तीची केली. कॅलटेक आणि हार्वर्डने एप्रिलमध्ये तसे जाहीर केले, स्टॅनफर्डने जूनमध्ये. त्याआधी फेब्रुवारीत डार्टमथने हाच निर्णय घेताना आपल्याच प्राध्यापकांच्या अभ्यासाचा आधार दिला होता: साधारण परिस्थितीतले अर्जदार आपले गुण कमी आहेत असे समजून ते पाठवतच नाहीत, आणि त्यांच्या शाळेच्या संदर्भात तेच गुण त्यांना उपयोगी पडले असते. आमच्या अकरावीच्या मुलांसाठी हा प्रश्न त्यामुळे पुस्तकी राहिला नव्हता.

खरी अडचण निकषांत नव्हती, पुराव्यात होती. पूर्वी शाळेतील मोफत जेवणासाठी प्रत्येक कुटुंब अर्ज भरत असे आणि तो मंजूर झाला की मूल शुल्कमाफीला आपोआप पात्र ठरत असे. २०२२-२३ पासून कॅलिफोर्नियाने सार्वजनिक शाळांतील सर्वच मुलांना न्याहारी आणि जेवण मोफत केले. निर्णय उत्तमच आहे, जेवणाच्या रांगेत कोण गरीब हे आता कोणाला कळत नाही. पण ज्या कागदावर इतर अनेक सवलती उभ्या होत्या, तो भरण्याचे कारणच पालकांना उरले नाही. जेवण सर्वांना मोफत मिळते म्हणून शाळेतील प्रत्येक मूल शुल्कमाफीला पात्र ठरते, असेही नाही. पात्रता ज्याची त्याला स्वतंत्रपणे दाखवावी लागते. शाळांना राज्याचे अनुदान गरजू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मिळत असल्याने जिल्हा शिक्षण कार्यालय आजही उत्पन्नाची माहिती विचारणारा एक पर्यायी अर्ज घरोघर पाठवते. त्या अर्जाने आपल्या मुलाचे काही भले होणार आहे हे त्यावर कोठेही ठळकपणे दिसत नसल्यामुळे तो बहुतेक घरी फ्रिजवर चुंबकाखाली अडकून राहतो.

जे अर्ज भरून येतात, तेही समुपदेशकाला सहजी पाहता येत नाहीत. कोणत्या मुलाचे कुटुंब उत्पन्न-मर्यादेत बसते ही माहिती कायद्याने गोपनीय असते, आणि ती दुसऱ्या कामासाठी वापरायची तर पालकांची लेखी संमती लागते. मला हा नियम प्रथम जाचक वाटला. नंतर मात्र तो योग्य वाटू लागला, कारण शाळा लहान असली तरी तेथे कुजबूज मोठी असते. यावर मार्ग म्हणून समुपदेशक बाईंनी एकपानी संमतिपत्र तयार केले. त्यात वर तीन ओळींत शुल्कमाफीचे फायदे सांगितले होते, मध्ये निकषांच्या चौकटी होत्या आणि खाली सहीची जागा होती. ते इंग्रजी, स्पॅनिश आणि व्हिएतनामी भाषांत छापून घेणे, पालकसभेच्या दाराशी टेबल मांडून बसणे आणि विचारेल त्याला समजावून सांगणे, हे माझ्या वाट्याचे काम होते.

आपल्याकडे शिष्यवृत्तीसाठी तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला आणलेल्या माणसाला येथील पद्धत चकित करते. शाळेच्या अर्जात कुटुंब स्वतःच आपले उत्पन्न लिहून सही करते. ना शिक्का, ना साक्षांकन. जेवणाच्या अर्जांपैकी थोड्यांचीच नंतर पडताळणी होते. एवढा विश्वास टाकलेला असूनही लोक सही करायला कचरतात, आणि त्याची कारणे टेबलाशी बसल्यावरच समजतात. जेवणाच्या जुन्या अर्जात घरातील एका प्रौढाच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे (अमेरिकी सरकारच्या नोंदणी क्रमांकाचे) शेवटचे चार आकडे विचारलेले असत. क्रमांक नसेल तर तसे नमूद करण्याची चौकट शेजारीच होती आणि त्यामुळे अर्ज नामंजूर होत नसे. पण ज्या घरात कोणाचीतरी कागदपत्रे अपुरी आहेत, त्या घराने तो रकाना पाहूनच कागद मिटवून ठेवलेला असे, आणि त्यानंतर शाळेकडून येणाऱ्या प्रत्येक कागदाकडे ते त्याच नजरेने पाहत असत. आमच्या संमतिपत्रात असा कोणताही क्रमांक नव्हता. ही बाब आम्ही पुढच्या छपाईत मोठ्या अक्षरांत वर घेतली, तेव्हा भरून येणाऱ्या पत्रांची संख्या वाढलेली स्पष्ट दिसली.

मुलांचा संकोच निराळा. अकरावीतील एक मुलगा, गणितात अतिशय तल्लख, कक्षात येऊन बराच वेळ भित्तिपत्रके वाचत राहिला आणि अखेर त्याने विचारले, “म्हणजे आम्ही गरीब आहोत असे मी लिहून द्यायचे का?” त्याचे वडील घरे रंगवण्याचे काम करत, आई एका वृद्धाश्रमात रात्रपाळी करत असे, आपल्या घराला हा शब्द लागू होतो असे त्याला कधी वाटलेच नव्हते, आणि ते स्वाभाविकच होते. समुपदेशक बाईंनी त्याला फक्त कुटुंबाच्या आकारानुसार आखलेला उत्पन्नाचा तक्ता दाखवला आणि घरी जाऊन आईबरोबर एक ओळ शोधायला सांगितले. परिस्थितीविषयी चर्चा नाही, सहानुभूती नाही, नुसता तक्ता. पुढे प्रत्येक मुलाशी आम्ही असेच वागत गेलो. शिवाय विद्यार्थ्याला कॉलेज बोर्डाकडे स्वतःहूनही शुल्कमाफी मागता येते, त्यामुळे ज्यांना शाळेत तोंड उघडायचे नव्हते, त्यांच्यासाठी तोही मार्ग खुला होता.

तो तक्ता मात्र मला वर्षभर सलत राहिला. २०२४-२५ साठी चार माणसांच्या कुटुंबाची मर्यादा वर्षाला ५७,७२० डॉलर होती, म्हणजे केंद्राच्या दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्के, आणि तीही कपातीपूर्वीच्या उत्पन्नावर. अलास्का आणि हवाई वगळता सर्व राज्यांना हा एकच आकडा लागू आहे. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाचे किमान वेतन ताशी १६ डॉलर होते. नवरा-बायको दोघेही त्या किमान वेतनावर वर्षभर पूर्णवेळ राबले तर त्यांचे मिळून ६६,५६० डॉलर होतात, म्हणजे ते मर्यादेबाहेर गेले. मिसिसिपीत केंद्राचे ताशी सव्वासात डॉलरचे किमान वेतन चालते. तेथे तेच दांपत्य तितकेच तास राबून ३०,१६० डॉलरवर थांबते आणि सहज पात्र ठरते. बे एरियातील घरभाडे या तक्त्याला ठाऊक नाही. ज्या कुटुंबांना मदतीची निकड आहे हे आम्हाला उघड दिसत होते, त्यांपैकी कित्येक या रेषेच्या थोडी वर होती, आणि त्यांच्यासाठी कोणतीही माफी नव्हती. पालक-मंडळाच्या वर्गणीचा पहिला हक्क आम्ही या मुलांचा मानला आणि त्यांचे ६८ डॉलर विनाचौकशी भरले. कोणत्या मुलाला द्यायचे हे समुपदेशक बाई ठरवत. मंडळाला केवळ एकूण रक्कम कळत असे.

एपी परीक्षांचे गणित वेगळे होते. हायस्कूलमध्येच महाविद्यालयीन पातळीचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या या विषयांच्या परीक्षा मे महिन्यात होतात आणि गुण चांगले पडल्यास अनेक महाविद्यालये त्यांचे श्रेयांक देतात, म्हणजे पुढची फी वाचू शकते. पण येथे संपूर्ण माफी नाही. २०२५ मध्ये एका विषयाचे शुल्क ९९ डॉलर होते. पात्र विद्यार्थ्याला कॉलेज बोर्डाकडून ३७ डॉलर कमी होतात, शाळा स्वतःच्या वाट्याचे ९ डॉलर सोडते आणि ५३ डॉलर उरतात. तीन विषय घेणाऱ्या मुलाला १५९ डॉलर भरावेच लागतात. पूर्वी केंद्र सरकार या उरलेल्या रकमेसाठी राज्यांना स्वतंत्र अनुदान देत असे. २०१५ च्या शिक्षण कायद्याने ते बंद करून एका व्यापक निधीत विलीन केले आणि तो निधी कशावर खर्चायचा हे स्थानिक पातळीवर सोडले. आमच्या वर्गणीतला सर्वांत मोठा भाग या ५३ डॉलरांनीच खाल्ला.

एपीच्या बाबतीत तारखाही मुलांच्या विरुद्ध जातात. परीक्षा मेमध्ये असली तरी मागणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत नोंदवावी लागते. त्यानंतर नोंदवल्यास दर परीक्षेमागे ४० डॉलर जास्त पडतात, आणि नोंदवून परीक्षा दिली नाही तरीही ४० डॉलर लागतात. पैशाची खात्री नसलेले मूल साहजिकच नोव्हेंबरात हात आखडते. याउलट, एखादा विद्यार्थी सवलतीला पात्र असल्याची नोंद शाळेला एप्रिलअखेरपर्यंत करता येते. हे कळल्यावर समुपदेशक बाईंनी शिक्षकांना सांगून ठेवले की, कागद आला नाही म्हणून कोणाचे नाव नोव्हेंबरात वगळायचे नाही; आधी नाव घालायचे आणि कागदाच्या मागे हिवाळाभर लागायचे. मी त्या हिवाळ्यात बहुतेक हेच केले. एसीटी या दुसऱ्या परीक्षेलाही अशीच शुल्कमाफी आहे आणि पात्र विद्यार्थ्याला ती चार वेळा वापरता येते, पण आमच्याकडे ती देणारे फार थोडे होते.

शुल्क माफ झाल्यावरही परीक्षा फुकट होत नाही, हे मला शरद ऋतूत समजले. मार्च २०२४ पासून अमेरिकेत सॅट पूर्णपणे संगणकावर होते, ब्लूबुक नावाच्या अ‍ॅपमधून, आणि लॅपटॉप किंवा टॅबलेट विद्यार्थ्याने स्वतः आणायचा असतो. नसेल तर कॉलेज बोर्ड उसना देते, परंतु ती मागणी परीक्षेच्या किमान तीस दिवस आधी करावी लागते. शाळेचे क्रोमबुक चालते; त्यावर ब्लूबुक बसवण्याचे काम मात्र जिल्ह्याच्या संगणक विभागाचे असते, विद्यार्थ्याला ते करता येत नाही. ही अडचण तशी सुटण्यासारखी होती. न सुटणारी अडचण परीक्षा केंद्राची होती. करोनानंतर आमच्या भागातील अनेक शाळांनी शनिवारची सॅट घेणे थांबवले, आणि उरलेल्या केंद्रांतील जागा ज्यांचे आईवडील नोंदणीच्या पहिल्या दिवशी संगणकापुढे बसू शकतात, त्यांनी भरून टाकल्या. शुल्कमाफीचा कागद हाती येऊन आमची मुले नोंदणीला बसली, तोवर जवळची केंद्रे भरलेली होती. जागा दिसत होत्या त्या सेंट्रल व्हॅलीत, गाडीने दोन-अडीच तासांच्या अंतरावर.

केंद्राचे दार पावणेआठला उघडते आणि आठला बंद होते. म्हणजे पहाटे पाचला निघायला हवे. एवढ्या पहाटे त्या दिशेला सोयीची ट्रेन नाही, घरातली एकुलती गाडी शनिवारी कोणाच्या तरी पाळीवर गेलेली, आणि बारावीची कित्येक मुले स्वतःच शनिवारी दुकानात किंवा उपाहारगृहात काम करणारी, म्हणजे दिवसाची मजुरीही बुडणार. स्वयंसेवक पालकांनी मुलांना घेऊन जावे तर जिल्ह्याच्या नियमांनुसार बोटांचे ठसे, वाहनविम्याची प्रत आणि मंजुरी या साऱ्यांत काही आठवडे जातात. तरीही आमच्यापैकी काहींनी ते सोपस्कार पूर्ण केले. बाकीच्या कुटुंबांना मंडळाने पेट्रोलची कार्डे दिली, आणि फारच दूरचे केंद्र मिळालेल्यांना आदल्या रात्रीच्या मुक्कामाचे पैसे. हिशेब मांडला तेव्हा असे दिसले की, काही मुलांच्या बाबतीत माफ झालेल्या शुल्कापेक्षा प्रवासाचा खर्च जास्त होता. शुल्कमाफीची जाहिरात करणाऱ्या कोणत्याही पत्रकात ही बाजू येत नाही.

यावर उपाय एकच होता, तो म्हणजे परीक्षा आपल्याच शाळेत घेणे. मुख्याध्यापकांना आम्ही भेटलो तेव्हा त्यांच्या शंका व्यवहाराच्या होत्या. शनिवारी इमारत उघडायची तर सफाई कर्मचाऱ्याचा जादा भत्ता कोण देणार, पर्यवेक्षक म्हणून किती शिक्षक येतील, एवढे संगणक एकाच वेळी जोडले तर वाय-फाय टिकेल का, आणि बाहेरच्या शाळांतील मुले येऊन आपल्याच मुलांना जागा उरल्या नाहीत तर काय करायचे. शेवटची शंका सर्वांत महत्त्वाची होती, कारण शनिवारच्या केंद्रावर नोंदणी सर्वांना खुली असते. म्हणून चर्चा शालेय दिवशी घेतल्या जाणाऱ्या सॅटकडे वळली. त्यात परीक्षा आठवड्याच्या दिवशी, स्वतःच्या शाळेत, स्वतःच्या विद्यार्थ्यांपुरती होते. काही राज्ये हा खर्च स्वतः उचलतात, आमच्या राज्यात तो जिल्ह्याने किंवा शाळेने उचलायचा असतो. पालक-मंडळाने सफाईचा भत्ता आणि रेषेच्या वर असलेल्या मुलांचा खर्च देऊ केला, संगणक विभागाने व्यायामशाळेऐवजी वर्गखोल्यांत मुले विभागून बसवायला सुचवले, आणि वसंत ऋतूत अकरावीची परीक्षा शाळेतच झाली. ज्या मुलाने तक्त्याची ओळ घरी जाऊन शोधली होती, तो त्या दिवशी नेहमीच्या बसने शाळेत आला.

शाळेत परीक्षा झाल्याने शुल्कमाफीचे कागद अनावश्यक झाले, असे काहींना वाटले होते. तसे झाले नाही. गुण पाठवण्याची आणि प्रवेश-अर्जांच्या शुल्काची सवलत त्या पात्रतेवरच मिळते, म्हणून संमतिपत्रे गोळा करण्याचे काम जूनपर्यंत चालू राहिले. वर्षअखेरीस समुपदेशक बाईंनी जिल्ह्याकडे एकच विनंती केली, आणि ती मान्य झाली: हे पान वेगळे पाठवायचे नाही, ऑगस्टमध्ये प्रत्येक पालकाला जो नोंदणीचा संच भरावाच लागतो, त्यात आपत्कालीन संपर्काच्या पानानंतर लगेच ते लावायचे.